दातांवर लिहिलेले वय

लहानपणी आजोबांचे बोट धरून मी जनावरांच्या बाजारात जात असे. आमचे घर दुकानदाराचे. पण थोडे रान होते आणि रानाला बैल लागत. आजोबा बैलाची शिंगे पाहत, चाल पाहत, पाठीवर हात फिरवत. पण भाव सुरू व्हायचा तो दलालाने बैलाचा खालचा ओठ खाली ओढल्यावर. ‘हल्लु नोडरी, सावकार,’ असे तो कानडीत म्हणे आणि आजोबा वाकून दात पाहत. मग आकडे मराठीत चालत. आदत, दोनदाती, चारदाती, सहादाती, जुळलेला. बैलाला वरच्या जबड्यात पुढे दात नसतातच. खाली आठ असतात. दुधाचे आठ पडतात आणि मधल्या जोडीपासून कडेकडेला पक्के येत जातात. पहिली जोडी साधारण दोन-अडीच वर्षांनी, पुढे वर्षाला एक जोडी या हिशेबाने पाचाव्या वर्षाच्या आसपास तोंड जुळते. विकणारा काहीही सांगो, तोंड उघडले की सौदा खरा होई.

वाचकहो, आता माझ्या दवाखान्यात या. भालकीत मी पस्तीसहून अधिक वर्षे होमिओपॅथीचा व्यवसाय करतो. केसपेपरवर नावाखाली दुसरा रकाना वयाचा. सुरुवातीच्या वर्षांत त्या रकान्यात लिहायला आकडा क्वचितच मिळे. ‘रझाकारांच्या धामधुमीत मी पाळण्यात होतो.’ ‘बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला गेले तेव्हा ही अंगावर पीत होती.’ ‘किल्लारीच्या भूकंपाला हा पोटात होता.’ आपल्याकडची तीन पिढ्यांची जन्मनोंद अशी आहे. पोलीस ॲक्शन सप्टेंबर १९४८, दुष्काळ १९७२, किल्लारी ३० सप्टेंबर १९९३. मी मनातल्या मनात वजाबाकी करतो आणि आकडा लिहितो. आणि ज्यांच्याकडे कागद असतो त्यांचा वाढदिवस बहुधा १ जून. आपल्या दोन जिल्ह्यांत एकाच दिवशी एवढी माणसे जन्मली कशी, असा प्रश्न बाहेरच्याला पडेल. आपल्याला पडत नाही. शाळेत मास्तरांनी उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरायला सांगितला, कान हाताला लागला, आणि सहा वर्षे पूर्ण म्हणून तारीख पडली. माझीही तीच.

हा कान धरायचा प्रकार आपण थट्टेवारी नेतो, पण तो अगदीच बाष्कळ नाही. लहान मुलाचे डोके मोठे आणि हात आखूड असतात; सहाच्या सुमारास हात पुरेसे लांब होतात. नेमके त्याच सुमारास तोंडातही एक मोठी घटना घडते, आणि ती कानापेक्षा पुष्कळ नेमकी असते. मास्तरांनी कान धरायला लावण्याऐवजी ‘आ कर’ म्हटले असते तर आपल्या पिढीच्या तारखा थोड्या अधिक खऱ्या लागल्या असत्या.

ती घटना समजायला दातांचा क्रम एकदा नीट पाहिला पाहिजे. बाळ जन्मते तेव्हा बोळके दिसते, पण हिरड्यांखाली दुधाच्या वीसही दातांची डोकी कमीअधिक तयार असतात. गर्भाच्या चौथ्या महिन्याच्या सुमारास त्यांच्यावर कठीण थर बसू लागलेला असतो. सहाव्या ते दहाव्या महिन्यात खालचे मधले दोन दात दिसतात. आपल्याकडे उष्टावणाचा मुहूर्त याच सुमाराला पडतो. मग वरचे मधले दोन, त्यांच्या बाजूचे, आणि वर्ष उलटल्यावर पहिल्या दाढा. इथे क्रम थोडा उडी मारतो : सुळ्यांची जागा रिकामी ठेवून दाढ आधी येते आणि सुळे मागाहून, सोळा ते तेवीस महिन्यांत. शेवटच्या दुधाच्या दाढा दोन-अडीच वर्षांपर्यंत येतात. वीस झाले की तीन-साडेतीन वर्षे तोंडात काहीच हालचाल नसते.

सहाव्या वर्षी शेवटच्या दुधाच्या दाढेच्या मागे, मोकळ्या हिरडीत, एक दाढ उगवते. तिच्यासाठी कोणताही दात पडत नाही. कोणाला काही दुखत नाही, कोणी दात छपरावर फेकत नाही, त्यामुळे घरात त्या दाढेची दखलच घेतली जात नाही. तिच्या आगेमागे खालचा पुढचा दात हलू लागतो आणि सगळ्यांचे लक्ष तिकडे जाते. ही मागची दाढ पक्की असते, जन्मभराची. तिचे बांधकाम मूल जन्मले त्या सुमाराला सुरू झालेले असते. माझ्याकडे आई सात-आठ वर्षांच्या मुलाला घेऊन येते; मी दाखवतो की ही दाढ किडली आहे, दंतवैद्याकडे न्या. आणि आजी शेजारून म्हणते, ‘दुधाचीच की, पडेल आपोआप.’ ती पडत नाही. आपल्या भागात पंचविशीतल्या माणसाच्या तोंडात जी रिकामी जागा दिसते, ती बहुतेक वेळा या दाढेची असते. इतिहास सांगायला बसलो असलो तरी एवढे डॉक्टर म्हणून सांगून ठेवतो.

पुढे सात ते नऊ या वर्षांत समोरचे आठ दात बदलतात. वरचे दोन मोठे दात मध्ये फट ठेवून, थोडे बाहेर फाकून येतात आणि आया घाबरतात. सुळे खाली उतरले की ती फट बहुधा आपोआप बुजते. नऊ ते बारा या वर्षांत सुळे बदलतात आणि दुधाच्या दाढांच्या जागी उपदाढा येतात. बाराव्या वर्षाच्या आसपास मागे दुसरी पक्की दाढ. अठ्ठावीस झाले. अक्कलदाढ सतरानंतर केव्हाही, पंचविशीतही, आणि कित्येकांना कधीच नाही.

दुधाचा दात पडतो तेव्हा त्याला मूळ नसते. मूळ गेले कुठे? खालून पक्का दात वर येताना त्या वाटेतल्या पेशी दुधाच्या दाताचे मूळ विरघळवून टाकतात, म्हणून तो लटपटतो आणि नुसती टोपी हातात येते. पण हे कळायला युरोपातल्या पंडितांनाही वेळ लागला. शरीररचनाशास्त्राचा मोठा आचार्य व्हेसालियस याने १५४३ मध्ये आपला प्रसिद्ध ग्रंथ काढला. त्याची समजूत होती की दुधाच्या दाताचे मूळ जबड्यातच राहते आणि त्यातून पक्का दात फुटतो, उसाच्या खोडव्यासारखा. वीस वर्षांनी, १५६३ मध्ये, युस्टाकी या इटालियन वैद्याने गर्भांचे आणि अर्भकांचे जबडे उघडून दाखवले की दोन्ही दातांचे कोंब आधीपासून वेगवेगळे असतात. दाताला वर ढकलते कोण, हा प्रश्न तर विसाव्या शतकापर्यंत राहिला. मूळ वाढते म्हणून दात वर येतो, असे बहुतेकांना वाटे. १९८० च्या दशकात मार्क्स आणि काहिल या संशोधकांनी कुत्र्याच्या पिल्लाच्या जबड्यातला न उगवलेला दात काढून, भोवतालची पिशवी तशीच ठेवून, आत धातूची प्रतिकृती बसवली. ती प्रतिकृतीसुद्धा वेळेवर वर आली. म्हणजे वाट करणारी ती पिशवी असते. दात नुसता वाटसरू.

आपल्याकडे या विषयावर कोणी विचारच केला नव्हता असे समजू नका. काश्यपसंहिता हा बालरोगांचा जुना ग्रंथ नेपाळचे राजगुरू हेमराज शर्मा यांच्या प्रयत्नाने १९३८ मध्ये छापून बाहेर आला. त्यात दात जन्मण्याविषयी एक स्वतंत्र अध्याय आहे. काश्यप बत्तीस दात मोजतो आणि सांगतो की आठ एकदाच उगवतात, बाकीचे दोनदा, म्हणून त्यांना द्विज म्हणायचे. आजचा हिशेब वेगळा आहे : दोनदा येणाऱ्या जागा वीस, एकदाच येणाऱ्या दाढा बारा. काश्यप चुकला कसा? माझा एक तर्क आहे. अक्कलदाढा सोडून अठ्ठावीस दात घेतले आणि त्यातून वीस वजा केले तर बरोबर आठ उरतात. कोणीतरी मुलांच्या तोंडात नीट पाहून आठ हा आकडा काढला असावा आणि तो पुढे बत्तिसांच्या हिशेबात तसाच बसवला गेला असावा. हा नुसता तर्क आहे, विद्वानांनी तो खोडून काढावा. त्याच अध्यायात मुलींचे दात मुलग्यांपेक्षा लवकर आणि कमी त्रासाने येतात असे निरीक्षण आहे. त्रासाचे ठाऊक नाही, पण पक्के दात मुलींना काही महिने आधी येतात हे आजच्या मोजणीतही दिसते.

आपल्या मातीत वैद्यक लिहिणारे होऊन गेले, तेही सांगतो. सेडम तालुक्यातले मळखेड म्हणजे राष्ट्रकूटांचे मान्यखेट. अमोघवर्षाच्या काळातले जैन वैद्य उग्रादित्य यांचा ‘कल्याणकारक’ १९४० मध्ये सोलापुरातून छापला गेला. मांसाशिवाय वैद्यक चालते हे राजसभेत मांडणारा हा माणूस. मी जैन, त्यामुळे मळखेडच्या नेमिनाथ मंदिरात गेलो की देवाबरोबर या वैद्याचीही आठवण करतो.

ग्रंथांच्या बरोबरीने समजुती चालतच होत्या. वरचे दात आधी आले तर मामाला वाईट, म्हणून कितीतरी घरांत शांत केली गेली आहे. क्रम थोडा मागेपुढे होणे यात काही नवल नाही, मामांनी निश्चिंत असावे. दुसरी समजूत मात्र जीवघेणी आहे : ‘दात येतायत म्हणून जुलाब लागलेत.’ दात येताना लाळ गळते, मूल किरकिर करते, हाताला येईल ते चावते. जुलाब होतात ते चावलेल्या घाणेरड्या वस्तूंमुळे आणि पाण्यामुळे. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडातही ‘दात येणे’ हे मृत्यूचे कारण म्हणून नोंदवत, आणि दातांच्या पुडीत पारा घालत; त्या पाऱ्याने मुलांचे हातपाय गुलाबी होऊन सोलत. हे विसाव्या शतकाच्या मध्याला उलगडले. आमच्या शास्त्राचेही लपवत नाही. २०१६ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने बाळांच्या दातांसाठीच्या होमिओपॅथिक गोळ्यांविरुद्ध इशारा दिला, आणि पुढच्या वर्षी काही गोळ्यांत बेलाडोनाचे प्रमाण लिहिल्यापेक्षा जास्त आढळले. व्यवसायाच्या पहिल्या वर्षांत मीही दातांच्या जुलाबाला कॅमोमिला देऊन घरी पाठवत असे. एक मूल डोळे खोल गेलेले परत आले, सलाइनवर वाचले. तेव्हापासून आधी मीठ-साखरेचे पाणी, आणि दातांना दोष नाही.

आता मूळ विषयाकडे. तोंडात असे क्रमवार पंचांग असते, तर ते वाचले कोणी, आणि कशासाठी?

सुरपूर तालुक्यातले बुदिहाळ पूर्वी आपल्या गुलबर्गा जिल्ह्यात होते, आता यादगीरमध्ये आहे. तिथे राखेचा मोठा ढिगारा आहे, वर्षानुवर्षे साठून जळालेल्या शेणाचा. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे प्रा. के. पद्दय्या यांनी तिथे उत्खनन केले. सुमारे चार हजार वर्षांपूर्वीची गुरे राखणाऱ्यांची वस्ती निघाली : जनावरे कापण्याची जागा, चकमकीच्या दगडाची पाती करण्याची जागा, आणि राहत्या जागेत लहान मुलांची दफने. त्या हाडांचा अभ्यास त्याच संस्थेचे डॉ. सुभाष वाळिंबे यांनी पद्दय्यांबरोबर केला. लहान मुलाच्या सांगाड्यातली हाडे ठिसूळ, चुरा झालेली असतात; टिकतात ते दात. कोणता दात हिरडीबाहेर आला होता, कोणता अजून जबड्यात अर्धवट होता, हे पाहून मूल किती महिन्यांचे असताना गेले ते सांगता येते. तिथल्याच गुरांच्या हाडांचे वयही शास्त्रज्ञ जबड्यावरूनच काढतात. बाजारात माझे आजोबा करत तेच.

याहून मोठा पुरावा घोड नदीकाठच्या इनामगावचा. शिरूर तालुक्यातल्या या ताम्रपाषाणयुगीन गावाचे उत्खनन १९६८ पासून सुमारे पंधरा वर्षे सांकलिया, ढवळीकर आणि अन्सारी यांनी केले. वस्ती इसवी सनापूर्वी १६०० ते ७०० या काळातली. मेलेल्या तान्ह्या मुलांना तोंडाला तोंड लावलेल्या दोन मडक्यांत घालून घराच्याच जमिनीखाली पुरत. गावाबाहेर नाही, घरात. दफनांत मुलेच फार. त्या मुलांच्या दातांचा अभ्यास वाळिंबे आणि अमेरिकन संशोधक जॉन लुकाक्स यांनी केला. दुधाच्या सुळ्यांवरच्या खळग्यांवरून त्या काळच्या हवामानाचा आणि अन्नाचा माग काढण्याचा त्यांचा प्रयत्न होता. कारण दाताचा वरचा थर एकदा बसला की पुन्हा दुरुस्त होत नाही. तो बसत असताना आई उपाशी असेल किंवा मूल आजारी असेल, तर तिथे खळगा किंवा रेघ राहते. जन्मानंतर काही दिवस जगलेल्या बाळाच्या दुधाच्या दातात, सूक्ष्मदर्शकाखाली, जन्माचीच एक रेघ दिसते. वाचकहो, याहून जुना जन्मदाखला कोणता हवा? बहात्तरच्या दुष्काळात ज्यांचे पक्के दात जबड्यात घडत होते अशा काही रुग्णांच्या पुढच्या दातांवर मी आडव्या रेघा पाहिल्या आहेत. त्या दुष्काळाच्याच आहेत असे मात्र छातीठोक म्हणत नाही, कारण आपल्या काही गावांच्या पाण्यातले फ्लोराइडही दातांवर आपली सही करते.

मेलेल्या मुलांचे वय काढणे हा विद्वानांचा उद्योग. जिवंत मुलांचे वय दातांवरून काढायची गरज सरकारला पडली ती गिरण्यांमुळे. इंग्लंडात १८३३ च्या कायद्याने कापडगिरण्यांत नऊ वर्षांखालील मुलांना कामाला ठेवायला बंदी झाली आणि नऊ ते तेरा वर्षांच्या मुलांचे तास बांधले गेले. पण तिथे सरकारी जन्मनोंदणी सुरू झाली १८३७ मध्ये. तोवर वय ठरवायचे कसे? डॉक्टर उंची पाहत. उंच मूल असले की आईबापच त्याला मोठे म्हणून पुढे करत, कारण घरात मजुरी हवी होती. एडविन सॉन्डर्स या दंतवैद्याने हजाराहून अधिक मुलांची तोंडे तपासून १८३७ मध्ये पार्लमेंटसाठी पुस्तिका लिहिली : उंचीपेक्षा दात खरे बोलतात. त्याच्या वर्षभर आधी टॉमसन नावाच्या वैद्यकीय न्यायशास्त्राच्या शिक्षकाने म्हटले होते की आरोपी मुलाच्या तोंडात दुधाच्या दोन दाढांमागची तिसरी दाढ आली नसेल तर ते सात वर्षांचे झालेले नाही असे खुशाल समजावे. सात वर्षांखालच्या मुलाला इंग्रजी कायदा गुन्हेगार मानत नसे. आपली आजी जिला दुधाची समजून किडू देते, त्याच दाढेवर तिथे मुलाची शिक्षा टळत होती.

हे सात वर्षांचे कलम १८६० च्या भारतीय दंडसंहितेत आले, कलम ८२. गिरणीचा कायदा यायला आणखी वीस वर्षे लागली. १८८१ च्या पहिल्या फॅक्टरी कायद्याने सात वर्षांखालील मुलांना मनाई केली आणि सात ते बारा वर्षांच्या मुलांना नऊ तास दिले. १८९१ मध्ये किमान वय नऊ झाले, १९२२ मध्ये बारा. सोलापूरची जुनी गिरणी १८७७ मध्ये सुरू झाली. आपल्या भागातली कितीतरी माणसे पोटामागे तिकडे गेली. कोणाजवळ जन्माचा कागद असणार? सर्जनपुढे मूल उभे केले जाई, आणि अंगकाठी आणि तोंड पाहण्याखेरीज त्याच्या हाती फारसे काही नव्हते. इकडे गुलबर्ग्यातही महबूबशाही गिरणी होती, पण निजामाच्या मुलखाला ब्रिटिश हिंदुस्थानचे कायदे लागत नसत. एकाच घरातल्या दोन भावंडांचे वय सोलापुरात एक आणि गुलबर्ग्यात दुसरे असू शकत होते.

इथवर दातांनी मुलांची बाजू घेतली. पण त्यांची एक मर्यादा आहे, आणि आम्हा सीमेवरच्या लोकांना तिचा फार फटका बसला. दातांचे पंचांग बारा-तेरा वर्षांपर्यंत भरगच्च असते. त्यानंतर पाने कोरी. दुसरी दाढ आली की अक्कलदाढ येईपर्यंत पाच-सात वर्षे तोंड गप्प, आणि अक्कलदाढ लहरी. कायद्याची मोठी वये मात्र नेमकी त्या कोऱ्या पानांवर आहेत. १९२९ च्या शारदा कायद्याने मुलीच्या लग्नाचे वय चौदा केले, १९४९ मध्ये ते पंधरा झाले, १९७८ मध्ये अठरा. शारदा कायदाही संस्थानी मुलखाला लागू नव्हता. सोलापूर जिल्ह्याची हद्द ओलांडून निजामाच्या मुलखात मांडव घातला की कायदा मागे राही. दोन्ही बाजूंना सोयरिकी असलेल्या आपल्या घरांना ही वाट ठाऊक होती, हे आपल्यापैकी ज्यांच्या आज्या दहाव्या वर्षी बोहल्यावर चढल्या त्यांना सांगायला नको. माझी आजी त्यांतलीच. सासरी आल्यावर तिची उपदाढ उगवली, असे ती हसत सांगायची.

बीएचएमएसला आम्हाला न्यायवैद्यक होते. जयसिंग मोदींचे पुस्तक, पहिली आवृत्ती १९२० ची, त्यातले दातांचे कोष्टक आम्ही पाठ केले. चौदा ते अठरा या वर्षांसाठी हाडांचा एक्सरे काढतात. त्यातही दोन वर्षे इकडेतिकडे होऊ शकतात असे सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये नमूद केले. आज बालन्याय कायदा आधी शाळेचा दाखला, मग नगरपालिकेचा किंवा पंचायतीचा दाखला आणि दोन्ही नसतील तरच वैद्यकीय तपासणी मागतो. जन्मनोंदणीचा देशभराचा कायदा १९६९ चा. आपल्या तांड्यावस्त्यांपर्यंत तो पोचायला आणखी पंचवीस-तीस वर्षे गेली.

१९९४ चा उन्हाळा होता. भूकंपानंतरचे पहिले लग्नसराईचे दिवस. दोन पुरुष आणि एक मुलगी दवाखान्यात आली. मोठा म्हणाला, ‘डाक्टरसाब, हिला अठरा पुरी झाली असं तेवढं लिहून द्या. सामूहिक लग्नात नाव घालायचंय, कागद मागतायत.’ तो मुलीचा चुलता. दाखला नव्हता, तिसरीतून शाळा सुटलेली. मुलगी चांगली उंच, साडी नेसलेली. सॉन्डर्सच्या गिरणीतल्या मुलांसारखीच. माझ्या चिठ्ठीला कोर्टात फार किंमत नव्हती, पण मांडवात होती. मी म्हटले, ‘आ कर, बाळ.’ डाव्या बाजूला वर एक दुधाची दाढ अजून जागेवर. खाली मागे दोन्हीकडे दुसरी पक्की दाढ हिरडी फोडून नुकती अर्धी वर आलेली. मोदींचे कोष्टक उघडायची गरज नव्हती. अकरा, फार तर बारा.

मी चुलत्याला म्हटले, ‘काका, हिचे दुधाचे दात अजून पडले नाहीत.’ ते म्हणाले, ‘दातावर काय असतंय हो, अंगानं मोठी आहे की.’ मी चिठ्ठी दिली नाही. एवढेच केले. तहसीलला कळवले नाही, पोलिसात गेलो नाही, तिच्या आईला निरोप धाडला नाही. आपले हात स्वच्छ राहिले एवढ्यावर मी समाधान मानले. कागद त्यांना दुसरीकडे मिळाला, हे आठवड्यात कानावर आले.

तीन वर्षांनी ती पुन्हा आली. मी ओळखले नाही, तिने ओळखले. मांडीवर सात-आठ महिन्यांचा मुलगा, हनुवटी लाळेने ओली, मूठ तोंडात. ‘डाक्टर, ह्याला दात येतायत, रातभर रडतंय.’ मी बोट धुऊन हिरडीवर फिरवले. खालचे मधले दोन, तांदळाच्या कणीएवढे. तिला सांगितले की हे दुखणे नाही, स्वच्छ ओले फडके चावायला दे, जुलाब लागले तर दातांवर ढकलू नकोस, लगेच ये. मग म्हटले, ‘आता तू आ कर.’ ती हसली, पदर तोंडाशी नेला, आणि मग उघडले. केसपेपर तिच्याही नावाचा काढला होता. वय विचारले तर ती म्हणाली, ‘एकवीस लावा की, लग्नाच्या कागदावर तेच धरून हाय.’ मी वयाचा रकाना मोकळा सोडला आणि खाली लिहिले : दात अठ्ठावीस, अक्कलदाढ नाही, खालच्या डाव्या पहिल्या दाढेत कीड.